गावाचं छापील दप्तर

कृष्णराव भालेकरांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केलं. सत्यशोधकांचं हे पत्र पैशांअभावी दोन-तीन वर्षांतच अडखळलं. 1880 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा उभं केलं आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापली जाऊ लागली. इतकं मोलाचं पत्र, पण त्याचे अंक सलग वाचायचे म्हटले तर हाती फार थोडं लागतं. मग अभ्यासक जातात कुठे? सरकारी अहवालांकडे. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवून होतं. दर आठवड्याला त्यांतला निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून त्याचा गोषवारा वरिष्ठांपुढे ठेवला जाई. हे अहवाल टिकले, आणि ‘दीनबंधु’ने काय लिहिलं यातलं बरंचसं आज त्यांतूनच कळतं.

म्हणजे ज्या वाचकांसाठी पत्र निघत होतं, त्यांच्या घरी ते उरलं नाही. पाळत ठेवणाऱ्यांच्या कपाटात त्याचा सारांश उरला. सारांशातही सरकारला दखलपात्र वाटलं तेवढंच आलं. वर्गणीदारांची पत्रं, जाहिराती, पोच, सभांच्या सूचना, म्हणजे ज्यातून तेव्हाचा समाज दिसला असता तेच नेमकं गळालं.

डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघालं. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, म्हणून आज ते कुणालाही वाचता येतात. मधे सत्तर वर्षं गेली होती. संपादक बाबासाहेब असूनही सत्तर वर्षं लागली, तर तालुक्याच्या गावी चार पानी साप्ताहिक काढणाऱ्या संपादकाच्या अंकांचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

चार पानांत काय असतं?

तालुक्याचं साप्ताहिक आपण फारसं मनावर घेत नाही. पहिल्या पानावर आमदारांचा वाढदिवस, आत शुभेच्छांच्या जाहिराती, शेवटच्या पानावर बँकेची वार्षिक सभा. पण हाच अंक पन्नास वर्षांनी उघडला की त्याची किंमत पालटते. कोपऱ्यातली जाहीर नोटीस वाडा कुणी कुणाला विकला ते सांगते. बाजार समितीचे भाव त्या आठवड्यात ज्वारी काय दराने गेली ते सांगतात. नगरपालिकेच्या सभेचं वृत्त नळयोजना कोणत्या वॉर्डाला आधी मिळाली आणि कोणत्या वस्तीला मिळाली नाही, याची नोंद ठेवतं. निधनवार्तेत माणसाचं मूळ गाव, व्यवसाय, लेकी-सुना-नातवंडं असतात. एखाद्या कुळाचा वंशवृक्ष तेवढ्यावरून मांडता येतो.

1972 चा दुष्काळ घ्या. राज्यपातळीवरच्या दैनिकांत त्याचे आकडे आणि मंत्र्यांचे दौरे सापडतील. पण अमुक गावच्या कामावर खडी फोडणाऱ्यांना मजुरी किती आठवडे थकली, मजुरांना वाटायची सुकडी कोणत्या दिवशी आलीच नाही, रेशनवरची मिलो ज्वारी खाऊन पोटं बिघडल्याची तक्रार कुणी केली, हे छापलं गेलं असेल तर जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या पत्रात. ते पत्र गेलं की त्या गावाचा दुष्काळ फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत राहतो, आणि ती माणसंही आता मोजकीच उरली आहेत.

पेशवे दप्तरातला मोडी कागद आपण अभिमानाने जपतो. गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात जमिनीचा, वतनाचा, देण्याघेण्याचा हिशेब असे. छापखाने तालुक्यापर्यंत पोहोचल्यावर गावाचा रोजचा हिशेब साप्ताहिकांनी ठेवला. या दप्तराला मात्र रद्दीचा भाव मिळतो.

महाविद्यालयाचा अंक

शिक्षणसंस्थांतल्या नियतकालिकांचीही हीच गत. भित्तिपत्रक आठवड्याभरात उतरतं. वार्षिक अंक छापला जातो, वाटला जातो आणि पाच वर्षांनी महाविद्यालयाच्याच ग्रंथालयात मिळत नाही. आता मूल्यांकनासाठी अंकाची पीडीएफ संकेतस्थळावर चढवतात. पण संकेतस्थळ सांभाळणारा ठेकेदार बदलला की जुने दुवे मरतात आणि पीडीएफही त्यांच्याबरोबर जाते.

विद्यार्थ्यांचं पत्र का जपावं, याचं एक ठसठशीत उदाहरण अमेरिकेत आहे. 1 फेब्रुवारी 1960 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. तिथून अशा सत्याग्रहांची लाट देशभर पसरली. हे चौघे ज्या संस्थेत शिकत होते, तिथल्या विद्यार्थ्यांचं ‘रजिस्टर’ नावाचं वृत्तपत्र होतं. शहराच्या दैनिकांनी ही घटना बाहेरून पाहिली. ‘रजिस्टर’चे लेखक-वाचक त्याच वर्गांत शिकत, त्याच वसतिगृहांत राहत होते. त्या पत्राचे अंक आज ऑनलाइन वाचता येतात. त्याच राज्यातल्या चॅपल हिल इथल्या विद्यापीठात ‘डिजिटलएनसी’ हा उपक्रम चालतो. राज्यभरची छोटी ग्रंथालयं आणि महाविद्यालयं आपल्याकडचे अंक त्यांच्याकडे पाठवतात, ते स्कॅन होतात आणि सगळ्यांना फुकट वाचायला मिळतात. प्रत्येक गावाने स्वतंत्र यंत्र घ्यायचं नाही, एका ठिकाणी यंत्र आणि जाणकार माणसं ठेवायची, हा त्यातला शहाणपणा उचलण्यासारखा आहे.

कागद का मरतो?

जुन्या वाचनालयात जाऊन 1960 च्या दशकातली एखादी बांधीव फाईल उघडून पाहा. पानाच्या कडा तपकिरी झालेल्या असतात, मधला भाग त्यामानाने उजळ. कोपरा दुमडायला गेलं तर तो दुमडत नाही, तुटतो. टेबलावर तपकिरीसारखा चुरा पडतो. तुम्ही हात लावल्याने इतिहासाचा तेवढा तुकडा गेला.

गंमत म्हणजे त्याच कपाटातली त्याहून शंभर वर्षं जुनी पोथी ठणठणीत असते. कारण कागदाच्या जातीत आहे. पोथीचा हातकागद चिंध्या-तागापासून केलेला असे. वृत्तपत्राचा कागद लाकूड यंत्रात घासून केलेल्या लगद्याचा. ही रीत 1840 च्या दशकात जर्मनीत निघाली आणि तिने वृत्तपत्रं स्वस्त केली. या लगद्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे तोडतं. त्यात कोकणातली दमट हवा, विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा, कसर आणि वाळवी. फाटलेलं पान जोडायला कुणी चिकटपट्टी लावली असेल तर तिचा गोंद काही वर्षांत तेलकट होऊन अक्षरांवर पसरतो.

यावर जुना आणि अजूनही भरवशाचा उपाय म्हणजे मायक्रोफिल्म. पॉलिस्टरच्या पट्टीवरची चांदीची फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवली तर काही शतकं टिकेल असं मानतात, आणि ती वाचायला भिंग आणि दिवा एवढंच लागतं. पण तीत शोध घेता येत नाही आणि ती घरबसल्या वाचता येत नाही. म्हणून आता सगळ्यांची धाव स्कॅनिंगकडे आहे.

मोबाइलने फोटो काढले, झालं?

झालं नाही. घाईने काढलेल्या फोटोत पान वाकडं येतं, शिवणीत गेलेली ओळ दिसत नाही, बोटाची सावली पडते. वर अंक कोणत्या तारखेचा हे पुढे कुणालाच कळत नाही. नीट काम करायचं तर फाईल इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आधारावर उघडी ठेवतात, म्हणजे पाठ मोडत नाही. कॅमेरा वर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी सारखा उजेड सोडतात. शिवण फारच आत गेली असेल तर बांधणी उसवायची की नाही हे आधी ठरवावं लागतं, कारण उसवलेली फाईल पुन्हा तशी बांधली जाईलच असं नाही.

वृत्तपत्रासाठी साधारण 300 ते 400 डीपीआय, म्हणजे इंचाला तितके ठिपके, हा मापदंड धरतात. थोडा हिशेब करू. पंधरा बाय बावीस इंचांचं पान 400 डीपीआयने करड्या छटांत टिपलं तर एका पानाची मूळ प्रत सुमारे 53 एमबी होते. चार पानी साप्ताहिकाची वर्षाला 208 पानं. पंचवीस वर्षांची 5200. एकूण सुमारे 275 जीबी. खिशात मावणाऱ्या एका हार्ड डिस्कवर तालुक्याची पंचवीस वर्षं बसतात. साठवणीचा खर्च आता फार राहिलेला नाही. वेळ आणि कष्ट लागतात ते पानं उलटायला, लावायला आणि नोंदवायला.

मूळ प्रत ‘टिफ’सारख्या, चित्रातला तपशील न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवायची आणि वाचकाला द्यायला हलकी पीडीएफ वेगळी करायची. फक्त पीडीएफ ठेवून मूळ प्रत पुसून टाकणं म्हणजे लोणचं ठेवून आंब्याचं झाड तोडणं. फाईलच्या नावात पत्राचं नाव, मग वर्ष, महिना, दिनांक, मग पान क्रमांक असा क्रम ठेवला की यादी आपोआप तारखेवार लागते. वर्ष 12, अंक 34 अशी छापील नोंदही घ्यायची, कारण साप्ताहिकांत जोडअंक निघतात आणि कधी अंक क्रमांकच चुकतो. जो अंक नाही, त्याच्यासमोर ‘नाही’ असं लिहायचं. ही ‘नाही’ची यादी फार कामाची असते, तीच घेऊन कुणाच्या तरी माळ्यावरचा गठ्ठा शोधता येतो.

यंत्राला मराठी वाचता येतं का?

येतं, पण अडखळत. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. टेसेरॅक्ट हे त्यातलं मोफत साधन मराठीही ओळखतं. स्वच्छ छापलेल्या आजच्या पुस्तकावर ते बरं चालतं. खिळ्यांच्या छपाईतल्या साप्ताहिकावर मात्र त्याची दमछाक होते. झिजलेल्या खिळ्यांमुळे शिरोरेषा मधेच तुटते आणि एका शब्दाचे दोन होतात. अनुस्वार शाईत बुडतो. जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. आठ रकान्यांच्या पानावर यंत्र शेजारच्या रकान्यात शिरतं, आणि निधनवार्तेच्या पोटात खताची जाहिरात येते.

मजकूर अचूक ओळखला तरी दुसरी अडचण उरते, आणि ती खास आपली आहे. आज लागू असलेले शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये स्वीकारले गेले. त्याआधी अनुच्चारित अनुस्वार लिहीत असत. त्यामुळे जुन्या अंकात ‘गाव’ नसतं, ‘गांव’ असतं. ‘नाही’ नसतं, ‘नाहीं’ असतं. शोधचौकटीत ‘गावात’ टाइप केलंत तर ‘गांवांत’ असलेली शेकडो पानं तुमच्यासमोर येणारच नाहीत. काही नियतकालिकांनी सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे अ च्या बाराखडीत छपाई केली. तिथे ‘इतिहास’ शोधून उपयोग नाही, ‘अितिहास’ शोधावं लागतं. ही रूपं एकमेकांशी जोडून देणारी शोधव्यवस्था हवी, आणि ती मराठी जाणणाऱ्यांनीच बसवायला हवी.

उरलेल्या चुका माणसंच दुरुस्त करतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2008 मध्ये जुनी वृत्तपत्रं ऑनलाइन आणताना एक धाडस केलं: यंत्राने वाचलेला मजकूर कुणाही वाचकाला सुधारू दिला. ‘ट्रोव्ह’ या त्यांच्या संग्रहात वाचकांनी आजवर कोट्यवधी ओळी सुधारल्या आहेत. आपल्याकडे मराठी विकिस्रोतावर हीच पद्धत पुस्तकांसाठी चालते. डावीकडे मजकूर, उजवीकडे स्कॅन. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन मुलं एकत्र आली तर हे काम गावोगाव होऊ शकतं.

1998 चा अंक 1898 पेक्षा अवघड

आता सगळ्यात वाईट बातमी. सगळ्यात जास्त धोका शंभर वर्षांपूर्वीच्या अंकांना नाही. तो संगणकावर जुळवलेल्या गेल्या तीसेक वर्षांतल्या अंकांना आहे.

1990 नंतर तालुक्याच्या गावीही डीटीपी आलं. पेजमेकरमध्ये पान लावायचं, श्रीलिपीसारखा फाँट वापरायचा, ट्रेसिंग काढून छापायला पाठवायचं. या फाँटांत मराठी अक्षर पडद्यावर दिसे, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा चिन्हच असे. त्यामुळे त्या काळच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघितलात तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा हाती येतो. छापील पान बघितलं तर सुंदर मराठी, आत शोधायला गेलं तर काहीच नाही. त्यावर फाँट बदलून युनिकोड करणारी साधनं आहेत, पण मूळ फाइल उघडायला हवी. पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 ची. ज्या सीडींवर अंक ठेवले त्यांतल्या कित्येक आता वाचल्याच जात नाहीत, आणि नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. 1898 च्या अंकाला निदान डोळे पुरतात.

शिवाय या काळात एक समज पसरला: सगळं संगणकावर आहे, मग छापील फाईल कशाला? अनेकांनी जागेसाठी गठ्ठे रद्दीत घातले. मग हार्ड डिस्क बसली आणि दोन्ही गेलं.

मोठ्यांच्या भरवशावर राहू नका

गूगलने 2008 मध्ये जुनी वृत्तपत्रं स्कॅन करण्याची मोठी मोहीम हाती घेतली आणि 2011 मध्ये ती थांबवली. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि जगभरचे अभ्यासक जिच्यावर विसंबून असतात ती तिची ऑनलाइन सूची कित्येक आठवडे बंद पडली. कंपनीचा रस संपू शकतो, बलाढ्य संस्थाही एका रात्रीत अंधारात जाऊ शकते.

म्हणून जाणकार एक साधा नियम सांगतात: प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. एक संच वाचनालयात, एक महाविद्यालयात, एक इंटरनेटवर. दरवर्षी ठरलेल्या दिवशी डिस्क उघडून फाइली शाबूत आहेत का ते पाहायचं, आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायचं. लोणच्याच्या बरणीचं झाकण अधूनमधून उघडून पाहावं लागतं, तसंच हे. आणि स्कॅन झाल्यावर मूळ अंक रद्दीत घालायचा नाही. उद्या याहून चांगलं यंत्र येईल तेव्हा तोच पुन्हा लागेल.

कायदा काय म्हणतो?

1954 चा एक केंद्रीय कायदा प्रकाशकांना पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्यास बांधील करतो. 1956 मध्ये वृत्तपत्रंही त्यात आली. कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथली ती चार ग्रंथालयं. कायद्याप्रमाणे प्रत्येक साप्ताहिकाचा प्रत्येक अंक तिथे असायला हवा. पण किती संपादक नेमाने अंक पाठवतात, हे ज्याचं त्याला माहीत.

स्कॅनिंगला प्रताधिकाराची आडकाठी येईल ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. प्रताधिकार कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवता येते. लोकांसाठी इंटरनेटवर ठेवायची असेल तर वेगळा विचार लागतो. लेखकाचं नाव नसलेल्या मजकुराचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. नाव असलेल्याचा, त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. अलीकडच्या अंकांसाठी सरळ संपादकाकडे किंवा त्याच्या वारसाकडे जावं आणि लेखी संमती घ्यावी.

आणखी एक जबाबदारी आहे. कागदी फाईलमध्ये दडलेली एखादी तीस वर्षांपूर्वीची चोरीच्या संशयाची बातमी शोधयंत्रात आली की त्या माणसाच्या नातवाच्या सोयरिकीतही निघू शकते. त्यावर मूळ पान खोडणं हा उपाय नव्हे. पान तसंच ठेवून, हयात माणसांच्या बाबतीत तक्रार आली तर ते नाव शोधातून वगळायचं की नाही, याचा नियम हे काम करणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवावा.

सुरुवात कुठून?

महाराष्ट्राला वाचनालयांची मोठी परंपरा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. त्यानंतरची शंभरी ओलांडलेली वाचनालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गावचे अंक उरले असतील तर अशाच ठिकाणी, नाहीतर संपादकाच्या माळ्यावर, वकिलाच्या कार्यालयात किंवा जुन्या छापखान्यात. आधी हे सगळं कुठे किती आहे ते कळायला हवं. स्कॅनर, अनुदान, संकेतस्थळ या गोष्टी नंतरच्या.

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघालं, म्हणून 6 जानेवारी हा आपण पत्रकार दिन पाळतो. तालुक्यातालुक्यात बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणं होतात, सत्कार होतात. येत्या 6 जानेवारीला त्या कार्यक्रमात एक काम वाढवा. आपल्या गावात आजवर कोणकोणती पत्रं निघाली, त्यांचे कोणते अंक कुणाकडे आहेत आणि कोणते कुठेच नाहीत, याची यादी करायला दोन मुलं नेमा. त्यासाठी एक वही आणि चार-पाच रविवार पुरतात.